टाकीच्या पाठीमागची भिंत

माझं माहेर धुळं, सासर जळगाव. माशांची टाकी दोन्ही घरांत. धुळ्याची टाकी अण्णांची होती: लोखंडी अँगलचा सांगाडा, लांबी भरून बसवलेल्या काचा, आणि मागच्या काचेवर पतंगाच्या निळ्या कागदाचा ताव, खळीनं चिकटवलेला. दर संक्रांतीला आमच्या पतंगांबरोबर टाकीसाठीही एक ताव यायचा. वर्षभरात पाण्याचे शिंतोडे उडून जुन्या कागदाचे ओघळ झालेले असायचे. अण्णा ओल्या फडक्यानं काच पुसायचे, फडकं निळं व्हायचं, आणि नवा ताव लागला की त्याच टाकीतले तेच मासे नवे दिसायचे.

जळगावच्या घरी मी टाकी आणली त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिच्या मागचं बॅकग्राउंड मी सात वेळा बदललं. माझ्याकडची दोन फुटी टाकी पाहून गेलेल्या शेजारणी, शाळेतल्या सहकारी, भाचे हे सगळे एकच विचारतात: मागे काय लावू? दर वेळी फोनवर अर्धंच सांगून होतं. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते आहे.

१. पाणी भरण्याआधी पाठ उरका

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. म्हणजे ५६ किलो. त्यावर काच, वाळू, दगड. एकदा भरलेली टाकी दोन माणसांनीही हलवू नये. वाकडी उचलली तर तळाच्या सांध्यावर ताण येतो आणि सिलिकॉन सुटतं. टाकी भिंतीला चिकटवून भरून बसलात तर मागे हातही जात नाही. मी पहिल्यांदा तेच केलं. मग भिंत आणि काच यांच्या बोटभर फटीतून पोस्टर खाली सोडलं, ते तिरपं गेलं आणि वर्षभर तिरपंच राहिलं.

आता मी भिंतीपासून चार-पाच बोटं जागा सोडतेच. वायर, हवेची नळी, पुसायचा हात, सगळं तिथूनच जातं.

२. पोस्टरवर मासे नकोत

दुकानात बॅकग्राउंडचे रोल लटकवलेले असतात, फुटावर कापून देतात. एका बाजूला समुद्रातली प्रवाळं, दुसऱ्या बाजूला हिरवी वनस्पती. मला प्रवाळाचं आवडलं, कारण ते सगळ्यांत रंगीत होतं. टाकीत होते गोल्डफिश. हा मासा मुळात चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या कार्प जातीतून शेकडो वर्षांच्या पैदाशीनं आलेला, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. ते एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण आठवड्यानं कळली. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. टाकीसमोर बसून त्यानं विचारलं, "आई, यातले खरे कोणते?" पोस्टरवर छापलेले मासे माझ्या माशांपेक्षा मोठे आणि भडक होते. जिवंत मासा हलायचा, वळायचा, श्वास घ्यायचा, आणि नजर मात्र त्याच्या मागच्या न हलणाऱ्या माशावर जायची.

चित्रच हवं असेल तर खडक, मुळं, दगड असं शांत काहीतरी घ्या. छापील मासा, कासव, बुडालेलं जहाज घेऊ नका. आणि टाकी उन्हाच्या वाटेत असेल तर छापील चित्र घेऊच नका. त्यातला लाल आणि पिवळा आधी उडतो, दोन उन्हाळ्यांत सगळं फिकं निळसर उरतं.

३. काळा रंग लावून पाहा

घरात काळं नको, हे आमच्याकडेही झालं. सासूबाईंना देवघराच्या खोलीत काळा पत्रा दिसायला नको होता. मी म्हटलं, आठ दिवस ठेवून बघू. नुसता काळा, चकाकी नसलेला कागद टाकीच्या मागे टेपनं लावला. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "हा केशरी मासा नवीन आणलास का गं?"

मासा तोच होता, पण खरंच गडद दिसत होता. त्याला कारण आहे. माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात. आजूबाजूला फिकं असलं की पुष्कळ जातींत त्या पेशींतला गडद रंग मधोमध गोळा होतो आणि मासा फिका पडतो. मागे गडद असलं की तोच रंग पेशीभर पसरतो. नदीतल्या बगळ्यापासून लपायची ही त्याची जुनी सोय आहे. म्हणजे पांढऱ्या भिंतीसमोर ठेवलेल्या टाकीतला मासा आपल्या डोळ्यांना तर फिका दिसतोच, पण तो स्वतःही फिका झालेला असतो. चहूबाजूंनी उघड्या टाकीत तो बावरलेलाही राहतो. निदान एक बाजू बंद झाली की कोपऱ्यात दबून बसणारे मासे मधोमध यायला लागतात, हे मी माझ्या टाकीत तरी दर वेळी पाहिलं.

लहानपणी अण्णांनी आम्हाला मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं, १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं. त्यातला एकही मासा मला नावानिशी आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आपण अंधारात उभे होतो आणि मासा उजेडात होता. काळी पाठ घरात तेवढंच करते. टाकीची मागची कड दिसेनाशी होते, हीटर, नळी, फिल्टरचा पाइप सगळं तिच्यात बुडून जातं.

एक सांगायलाच हवं. जळगावात बोअरचं पाणी जड. पाणी आटतं तिथे काचेवर क्षारांची पांढरी रेघ उमटते, आणि काळ्यावर ती लगेच डोळ्यांत भरते. दर आठवड्याला पाणी काढता तेव्हा ती रेघ ओल्या फडक्यानं पुसा. साचून दगड झाली तर मग टाकी रिकामी करून व्हिनेगर लावल्याशिवाय निघत नाही.

४. काच आणि कागद यांच्यातली हवा काढा

सगळ्यांत जास्त फोन मला याच कामासाठी येतात.

पोस्टर टाकीच्या बाहेरून, मागच्या काचेला लावायचं असतं. नुसतं टेपनं लावलं की समोरून बरं दिसतं. पण जरा बाजूला सरकून तिरपं पाहिलं की मागची काच आरशासारखी चमकते आणि पोस्टर गायब. असं होतं कारण काच आणि कागद यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत जाताना तिरपा उजेड एका मर्यादेपलीकडे बाहेर पडतच नाही, उलटा फिरतो. ती हवा काढून तिथे काचेच्या गुणाचं काही पातळ भरलं की आरसा नाहीसा होतो.

मी आधी खोबरेल तेल लावलं. घरात होतं, स्वच्छ होतं, आणि परिणाम असा की पोस्टर काचेवर नसून पाण्याच्या आत आहे असं वाटावं. दिवाळी छान गेली. डिसेंबरात एका सकाळी उठून पाहते तर काचेमागे पांढरे ढग, जणू कोणी तांदळाचं पीठ लावलंय. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं आणि आमच्याकडे हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. गोल्डफिशला थंडी सोसते म्हणून माझ्या टाकीत हीटर नव्हता. दुपारपर्यंत ढग विरून जायचे, पहाटे पुन्हा यायचे. शेंगदाणा तेल गोठलं नाही, पण उन्हाळा लागताच त्याला खवट वास सुटला.

आता मी औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन वापरते. गोठत नाही, वास नाही, पाण्यानं धुऊन निघतं. पद्धत अशी. रिकामी टाकी सतरंजीवर आडवी, मागची काच वर येईल अशी ठेवायची. काच आधी साबणाच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं पुसायची. धुळीचा एक कण राहिला तरी त्याच्याभोवती बुडबुडा धरतो. पोस्टर चारही बाजूंनी अर्धा इंच मोठं कापायचं. काचेवर ग्लिसरीनची बारीक धार सोडून तळहातानं पसरायची, डोक्याला तेल चोळतो तेवढंच, जास्त नाही. छापलेली बाजू काचेकडे करून एका कडेपासून पोस्टर सोडत न्यायचं, दोन माणसं असतील तर उत्तम. मग जुन्या एटीएम कार्डाला मऊ फडकं गुंडाळून मधून बाहेर, मधून बाहेर असं दाबत हवा काढायची. बुडबुडे कडेला पळताना दिसतात. शेवटी स्टीलची पट्टी धरून नव्या ब्लेडनं वाढीव भाग कापायचा. कडांचं ग्लिसरीन स्पिरिटनं पूर्ण पुसल्याशिवाय टेप लावू नका. टेप धरत नाही आणि रात्री कधीतरी पोस्टर खाली घसरतं.

५. वरची कड बंद, खालची उघडी

पाणी बदलताना मग हिंदकळतो, थेंब मागच्या काचेवरून उतरतात आणि पोस्टरमागे शिरतात. वरच्या कडेला आख्खी, अखंड चिकटपट्टी लावा. खाली मात्र मधे जागा सोडा, म्हणजे चुकून आत गेलेलं पाणी वाट काढून बाहेर येईल. चारही बाजू बंद केल्या होत्या तेव्हा आत बुरशी धरली होती.

६. मागच्या भिंतीचा तापही मोजा

जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४४-४५ वर जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री अकराला हात लावला तरी गरम असते. माझी टाकी त्याच भिंतीला होती. काळा कागद लावल्यावर पहिलाच उन्हाळा. खिडकीतून दुपारी तासभर ऊन मागच्या बाजूवर यायचं, काळा रंग ते सगळं पिऊन घ्यायचा, आणि पाण्यातला काटा ३४ च्या वर. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पाणी तापलं की त्यात हवा कमी राहते: २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, ३५ अंशांना तो ७ च्या खाली येतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. त्या दुपारी माझा एक मासा गेला.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मासास्ले बी ऊन लागस, पोरी."

टाकी आतल्या भिंतीला नेली. ज्यांना तेवढी जागा नाही त्यांनी एक इंच जाडीचं थर्माकोल काळं रंगवून मागच्या काचेला बाहेरून लावावं. बॅकग्राउंडही होतं आणि भिंतीची धगही अडते. रंग पाण्यात मिसळायचाच घ्या, भिंतीचा प्लास्टिक पेंट चालतो. ऑइलपेंट किंवा स्प्रे लागताच थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.

काच कायमचीच काळी करायची असेल तर बाहेरून रोलरनं रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या, आधीचा वाळल्यावरच पुढचा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ उपाय हाच. फक्त मन बदललं तर ब्लेडनं खरवडत बसावं लागतं.

७. आतली भिंत करायची तर दोन महिने हातात ठेवा

धुळ्याहून नंदुरबारकडे जाताना शेतांच्या मधून काळ्या दगडाच्या सरळ भिंती उठलेल्या दिसतात. लहानपणी मला त्या कोणी राजानं बांधल्या असं वाटायचं. पुढे कळलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांत शिरून तिथेच गोठला, आजूबाजूचा खडक झिजला आणि भेगेतला दगड भिंतीसारखा उभा राहिला. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. जवळून पाहिलं तर आडवे ओंडके एकावर एक रचावेत तसा तो दगड तडकलेला असतो. टाकीच्या आत अशी भिंत करायची माझी फार इच्छा होती, आणि ती मी केली.

थर्माकोलचा पत्रा टाकीच्या आतल्या मापापेक्षा थोडा कमी कापला, चाकूनं ओंडक्यांसारख्या खाचा काढल्या, कडा ब्रशनं खरखरीत केल्या. त्यावर सिमेंटचे तीन हात. पहिला ताकासारखा पातळ, पुढचे घट्ट, आणि शेवटच्यात काळा ऑक्साइड. प्रत्येक हात वाळू न देता ओल्या पोत्याखाली मुरवला. गच्चीवर त्यासाठी दिवसातून चार खेपा व्हायच्या. भिंत सुंदर झाली.

सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि ताज्या सिमेंटचं पाणी माशाचे कल्ले जाळतं. म्हणून ती भिंत मी बादल्यांच्या पाण्यात पाच आठवडे बुडवून ठेवली, दर दोन दिवसांनी पाणी बदललं. पाणी माशाजोगतं झालं की नाही हे घरी पाहायची सोय हळदीत आहे. कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायची. एक पट्टी भिंतीच्या पाण्यात, एक साध्या नळाच्या पाण्यात. भिंतीची पट्टी कुंकवासारखी लाल होते तोवर चुना सुटतोच आहे. दोन्ही पट्ट्या सारख्या दिसल्या की मग दुकानातल्या पीएच किटनं एकदा खात्री करायची.

बसवताना मात्र चुकलं. सिलिकॉनचे पाच ठिपके देऊन भिंत चिकटवली आणि दुसऱ्याच दिवशी पाणी भरलं. रात्री धप्प आवाज झाला. भिंत सुटून वर आली होती आणि वाळू, दगड, पाणी सगळं ढवळलं होतं. नंतर कागदावर हिशेब मांडला: ६० बाय ३० सेंटिमीटर, अडीच सेंटिमीटर जाड, म्हणजे साडेचार लिटर. तेवढं थर्माकोल पाण्याखाली साडेचार किलोच्या जोरानं वर रेटतं, आणि सिमेंटचं पातळ कवच तो जोर पुरता मारत नाही. पाच ठिपक्यांनी ते धरायचं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला काच कोरडी ठणठणीत केली, पाठीवर सिलिकॉनच्या उभ्या-आडव्या रेघा ओढल्या, चारही कडा अखंड भरल्या, टाकी आडवी ठेवून वर वजन दिलं आणि तीन दिवस हात लावला नाही. सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो; तो पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरायचं नाही. बुरशीनाशक घातलेलं, बाथरूमचं सिलिकॉन घेऊ नका, ते माशांना विषारी असतं.

कडा अखंड भरण्याचं आणखी एक कारण. माझ्या भाच्याच्या टाकीत विकतची फोमची भिंत वरच्या कोपऱ्यात बोटभर सुटलेली होती. एक मोली त्या फटीतून मागे गेली आणि तिला परत येता आलं नाही. तो दोन दिवस तिला वाळूत शोधत होता.

आतल्या भिंतीनं पाणी कमी होतं हेही लक्षात ठेवा. औषधाचे थेंब टाकीच्या बाहेरच्या मापावर मोजले तर डोस जास्त होतो.

८. नदीचा दगड लिंबानं तपासा

भिंतीसमोर ठेवायला गिरणेच्या, पांझरेच्या पात्रातला काळा गोटा उत्तम. आपला बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही. पण आपल्याच दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिकही असतात. जळगाव जिल्ह्यात सावद्याच्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत गेलेले आहेत. त्यांतलं कॅल्साइट म्हणजे चुनखडीच, ती आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करते. पांढऱ्या जागेवर लिंबू पिळा, फसफसलं तर तो दगड दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवा, टाकीत नको. आणि जड दगड मागच्या काचेला टेकवू नका. घनफूटभर बेसाल्ट ८० किलोच्या घरात जातो.

९. बदल केल्यावर दिवा बंद ठेवा

नवं बॅकग्राउंड लागलं की मासे एक-दोन दिवस बिथरतात. तेवढे दिवस दिवा लावू नका, खाणं निम्मं द्या. रंग कसा दिसतो याचा निवाडा आठवडाभरानं करा, त्या संध्याकाळी नको.

१०. अण्णांची टाकी

गेल्या वर्षी धुळ्याची जुनी टाकी गळायला लागली. लांबी वाळून तिच्या चिरा पडल्या होत्या. अण्णांना नवी दोन फुटी टाकी घेतली. त्यांची खुर्ची खिडकीजवळ, म्हणजे टाकीकडे ते नेहमी तिरपं पाहणार, त्यामुळे ग्लिसरीन हवंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना फिकं नीट दिसत नाही, म्हणून काळं लावायचं मी ठरवून गेले होते. टाकी आडवी ठेवून काच पुसत होते, तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "काय करी ऱ्हायनी?" सांगितलं. ते उठले, कपाटातून घडी केलेला पतंगाचा निळा ताव आणून माझ्यासमोर ठेवला.

तो कागद ग्लिसरीनमध्ये तग धरणारा नव्हता. मी तो घेऊन बाजारात गेले आणि लॅमिनेशन करून आणला, कडांना अर्धा इंच प्लास्टिक सोडून, म्हणजे ओल आत जायला नको. काचेवर ग्लिसरीन, त्यावर तो निळा ताव, आणि त्याच्या मागे काळा कागद. पतंगाचा कागद अर्धपारदर्शक. एकटा असला की उजेडात फिका पडतो, मागे काळं आलं की मात्र त्याचा निळा दाट होत जातो, उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाहिल्यावर तळाशी दिसतो तसा.

चौथ्या दिवशी मासे सोडले. संध्याकाळी दिवा लावला. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत, तिथूनच बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "आते खोल शे."